समुद्रकांठची जमीन आणि समुद्रकांठचा शेजार



जमिनीच्या दलालाविषयीं समाजांत फारसें चांगलें मत नाहीं, हें मला ठाऊक आहे; आणि तें सर्वस्वीं चुकीचें आहे असेंही मी म्हणणार नाहीं. दोन पक्षांच्या मध्यें उभें राहून दोघांकडूनही दलाली घेणारा मनुष्य अखेर कोणाचा, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. ज्या जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत त्या रायगड जिल्ह्यांतील अलिबाग तालुक्यांत मीं गेलीं अनेक वर्षें हा धंदा केला आहे. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या पट्टींत कितीतरी वाड्या माझ्या डोळ्यांदेखत एका हातांतून दुसऱ्या हातांत गेल्या. त्या अनुभवावरून आज आपणांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. समुद्रकांठीं जमीन घेणारा मनुष्य मोजणी करून गुंठे घेतो. परंतु त्या गुंठ्यांबरोबर न मोजलेल्या पुष्कळ गोष्टी त्याच्या पदरीं येतात. त्या कोणत्या, हें जो आधीं जाणून घेतो त्याला शेजार मिळतो. जो जाणून घेत नाहीं त्याला बहुधा खटला तरी मिळतो, नाहीं तर एकांतवास तरी.

शहरांतून येणाऱ्या गृहस्थाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "समुद्र किती जवळ आहे?" हा प्रश्न गांवांतील जुन्या माणसानें कधीं विचारला नसता. चौल, नागांव, आक्षी अशा गांवांतून आपण पायीं फिरून पाहा. जुनीं घरें रस्त्यालगत, समुद्राकडे पाठ करून उभीं आहेत. घराच्या मागें विहीर, विहिरीमागें नारळीपोफळीची वाडी, वाडीच्या टोंकाला कुंपण आणि त्यापलीकडे वाळू, असा त्यांचा क्रम आहे. खारा वारा प्रथम माडांनीं झेलावा, नाजूक पोफळी त्यांच्या आड राहाव्या आणि घर सर्वांच्या मागें सुखरूप असावें, हा त्यांतील हिशेब. भावाभावांच्या वांटण्या होत तेव्हां वाळूकडील तुकडा ज्याच्या वांट्यास येई त्याची लोक कींव करीत. आज सारें उलट झालें आहे. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. २०२४ च्या जानेवारींत शिवडी व न्हावाशेवा यांना जोडणारा अटल सेतु खुला झाला. आणि कींव करण्याजोगा तो तुकडाच आतां सर्वांत महाग झाला आहे. भाव बदलला, मात्र वारा, मीठ आणि वाळू यांचे स्वभाव बदलले नाहींत.

न मोजलेल्या गोष्टींपैकीं पहिली गोष्ट म्हणजे माणसें. आपण ज्याला सातबारा म्हणतों तो गांवनमुना सात आणि गांवनमुना बारा यांचा एकत्र उतारा. पहिला भाग मालकी व इतर हक्क सांगतो, दुसरा पिकाची स्थिति सांगतो. बहुतेक खरेदीदार क्षेत्र वाचतात आणि उतारा घडी घालून खिशांत ठेवतात. मी त्यांना सांगतों, "आधीं नांवें मोजा." वीस गुंठ्यांच्या एका वाडीवर सतरा नांवें असलेला उतारा मीं हाताळला आहे. आजोबा वारले, मुलें मुंबईस गिरणींत वा गोदींत कामाला लागलीं, रीतसर वांटप कोणीच केलें नाहीं. पुढची पिढी उपनगरांत पांगली, आणि प्रत्येक मृत्यूबरोबर उताऱ्यावर आणखी चार नांवें चढलीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलींना वारसा मिळाला व २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. तरीही "बहिणीचें काय, ती सही करील," असें सांगणारे बंधु अद्याप भेटतात. त्याच कायद्याप्रमाणें, वारसांपैकीं एकानें आपला हिस्सा विकावयास काढला तर तो प्रथम घेण्याचा हक्क इतर वारसांचा असतो. सामाईक राहत्या घराचा हिस्सा परक्यानें विकत घेतला तर नुसत्या खरेदीखताच्या बळावर त्या घरांत इतरांबरोबर राहण्याचा हक्क त्याला मिळत नाहीं. म्हणून एका भावाचा हिस्सा स्वस्तांत मिळतो आहे असें कोणी सांगितलें, तर तेथें जमीन विकली जात नसून तंटा विकला जात आहे असें समजावें.

एका सौद्यांत तीन भाऊ राजी होते. बहीण मात्र सहीला येईना. तिला अधिक पैसे हवे असतील अशा समजुतीनें मी तिच्या घरीं गेलों. ती म्हणाली, "दादा, पैशाचें राहूं द्या. गणपतींत माहेरीं गेलें तर उतरायला एक खोली उरेल का, तेवढें सांगा." या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतें. अखेर घर, विहीर व तीन गुंठे वगळून बाकीची वाडी विकली गेली. माझी दलाली कमी झाली. परंतु तो व्यवहार आजतागायत कचेरींत गेलेला नाहीं.

दुसरी गोष्ट उताऱ्यावरील "इतर अधिकार" या रकान्यांत असते. तेथें एखाद्या कुळाचें नांव असलें तर घाईच्या मनुष्याला ती जुनी शाई वाटते. त्या शाईमागें काय आहे, हें याच तालुक्याच्या इतिहासावरून कळतें. येथें खोती होती. कसणाऱ्याच्या हातीं पीक येई आणि त्याचा मोठा भाग खोताच्या कोठारांत जाई. १९३३ सालीं चरी गांवीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं खोतांची जमीन कसण्याचें नाकारलें, आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. पोटाला नसतांना शेत पडिक ठेवणें म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. १९४८ सालीं कूळकायदा झाला. १९४९ सालीं खोती रद्द करणारा कायदा झाला. आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारीं कुळें कायद्यानें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. तेव्हां त्या रकान्यांतील नांव म्हणजे कोणाच्या तरी आजोबांचा उपास आहे. अशा जमिनीच्या विक्रीवर निराळीं बंधनें असतात. तीं तहसील कचेरींत समजून घेतल्यावांचून इसार देऊं नये. याच १९४८ च्या कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें, कांहीं अपवाद सोडले तर, जो शेतकरी नाहीं त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेतां येत नाहीं. शेतकरी असल्याचा दाखला "करून देणारा" कोणी भेटला तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द समुद्राची हद्द. १९८१ सालीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सुचविलें. पुढें पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं १९९१ सालीं किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. नंतर २०११ व २०१९ सालीं नव्या अधिसूचना निघाल्या. पहिल्या दोहोंत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवें बांधकाम सामान्यतः वर्ज्य होतें. २०१९ च्या नियमांनीं दाट वस्तीच्या गांवांसाठीं, म्हणजे २०११ च्या शिरगणतीप्रमाणें जेथें दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक माणसें आहेत तेथें, ही मर्यादा ५० मीटरवर आणली. विरळ वस्तीसाठीं ती २०० मीटरच राहिली. ज्यांत भरतीचें पाणी शिरतें त्या खाड्यांच्या कांठांनाही हे नियम लागू आहेत. आपला तुकडा कोणत्या पट्ट्यांत पडतो हें मंजूर नकाशावरून पाहावयाचें असतें, दलालाच्या बोटावरून नव्हे. बोट तिकडे सहज वळतें जिकडे दलाली असते!

हा नियम म्हणजे सरकारी अडवणूक आहे असें मलाही एके काळीं वाटे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. त्या दुपारीं माझें मत बदललें. काहीं तासांत उभ्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरावयास सहासात वर्षें लागतात. म्हणजे त्या दिवशीं केवळ झाडें पडलीं नाहींत, अनेक घरांच्या पुढील सहासात वर्षांची मिळकत पडली. वाडीच्या आड असलेलीं जुनीं घरें कौलें गमावूनही बहुतेक उभीं राहिलीं. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या कांचेच्या दारांची काय दशा झाली, हें सांगावयास नको. पूर्वजांचा हिशेब आणि कायद्याचा हिशेब एकच होता, एवढें तेव्हां ध्यानांत आलें.

चौथी गोष्ट पाणी. किनाऱ्याच्या वाळूंत गोडें पाणी असतें तें खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. कारण तें वजनानें हलकें आहे. ढोबळ मानानें, समुद्राच्या पातळीवर एक हात गोडें पाणी असेल तर त्या पातळीखालीं सुमारें चाळीस हात गोड्या पाण्याचा थर असतो. याचा अर्थ उलट बाजूनेंही लागतो : वरची पातळी हातभर उतरली कीं खालून खारें पाणी कितीतरी पटीनें वर चढूं लागतें. जुना रहाट पाणी सावकाश उपसी, आणि पाटानें वाडींत फिरलेल्या पाण्यापैकीं कांहीं पुन्हा जमिनींतच मुरे. आतां खोल नळ ठोकून विजेच्या पंपानें पाणी ओढतात आणि पोहण्याचे हौद भरतात. आपल्या जमिनींत आपण नळ ठोकला तर कोणाचें काय गेलें, असें विचारणाऱ्यास मी शेजारच्या विहिरीचें पाणी चाखावयास सांगतों. जमिनीच्या सीमा वर आहेत. खालीं पाण्याला सीमा नाहीं.

खाडीकडील खारजमिनींचीही गोष्ट तशीच. शहापूर-पोयनाडच्या बाजूला भरतीचें पाणी अडविण्यासाठीं मातीचे लांबच लांब बांध आहेत. बांधांत ठिकठिकाणीं उघाड्या असतात. ओहोटी लागली कीं आंतील गोड्या पाण्याच्या दाबानें त्यांचीं झांपें बाहेर उघडतात आणि भरती येऊं लागली कीं बाहेरील पाण्याच्या दाबानें मिटतात. पूर्वीं बांधाला भगदाड पडलें तर गांवांतील प्रत्येक घरचा माणूस चिखल टाकावयास जाई, कारण एका भगदाडानें सर्वांचें भात जळे. आज जो मनुष्य भाव वाढेल म्हणून अशी जमीन घेऊन ठेवतो व पुन्हा फिरकत नाहीं, त्याच्यापुढील बांध फुटला तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें त्याच्या मागील शेतांत अद्याप भात लावणाऱ्याचें. अशा खरेदीचें खत एकाच्या नांवाचें होतें, खार मात्र सर्वांच्या वांट्यास येतो.

आतां पांचवी गोष्ट, आणि ही माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. अलिबागेच्या दक्षिणेस एका गांवीं मीं एक वाडी एका शहरवासी गृहस्थांना मिळवून दिली. उतारा स्वच्छ होता. हिस्सेदार सारे हजर होते. वाडीच्या कडेनें एक पाउलवाट समुद्राकडे जात असे. कोळीवाड्यांतील बायका पहांटे त्या वाटेनें पाट्या घेऊन किनाऱ्यावर जात आणि मासळी घेऊन परत येत. ही वाट मीं पाहिली होती. नकाशावर ती नव्हती. सौदा अडेल म्हणून मी बोललों नाहीं. गृहस्थांनीं सहा महिन्यांत पुरुषभर उंचीची भिंत घातली आणि वाट बंद झाली. बायकांना डोक्यावर भार घेऊन मऊ वाळूंतून मोठा वळसा पडूं लागला. त्यांच्यांतील एक वृद्ध बाई माझ्या ओटीवर येऊन म्हणाली, "भाऊ, वाट कागदावर नव्हती, पण आमच्या पायांखालीं तर होती ना?"

कायदा त्यांच्या बाजूनें मुळींच नव्हता असें नाहीं. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणें एखादी वाट हक्कानें, उघडपणें व अखंड वीस वर्षें वापरली असेल तर तो हक्क सिद्ध करतां येतो. शेताकडे वा पाण्याकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याखालीं तहसीलदारापुढें दाद मागतां येते. परंतु ती अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत मागावी लागते. त्या बायकांना ही मुदत ठाऊक नव्हती. कोणीतरी समजूत घालील या आशेवर त्यांनीं आठ महिने काढले. ती समजूत घालण्याचें काम माझें होतें, आणि दलाली मिळाल्यावर मी त्या बाजूस फिरकलों नव्हतों.

मग तें वादळ आलें. गृहस्थांच्या बंगल्याचा रस्ता पडलेल्या माडांनीं अडला, वीज गेली, रखवालदार एकटा आंत अडकला. चौथ्या दिवशीं गृहस्थांचा मला निरोप आला कीं, कांहीं माणसें गांठून वाट मोकळी करून द्या. मी कोळीवाड्यांत गेलों. तेथें स्वतःच्याच छपरांचा पत्ता नव्हता. "वाट मोकळी करा" हे शब्द मला उच्चारवेनात. मीं नुसता निरोप सांगितला व खालीं पाहून उभा राहिलों. थोड्या वेळानें चार तरुण कोयते घेऊन निघाले. ते मजुरीसाठीं गेले कीं आंत अडकलेल्या माणसासाठीं, हें मीं विचारलें नाहीं. पुढें त्या गृहस्थांनीं, कोणी न सांगतां, भिंतींत एक दार पाडलें. बायका आतां तेथून जातात. परंतु दार म्हणजे वाट नव्हे. त्याला कडी असते, आणि कडी आंतल्या बाजूला आहे. जी गोष्ट हक्काची होती ती मेहेरबानीची झाली, आणि याला कारण माझें मौन.

विकणाऱ्याची बाजूही थोडी सांगतों. गांवचे लोक पैशाच्या लोभानें जमिनी विकतात, असें शहरांत म्हटलें जातें. मीं जे सौदे पाहिले त्यांत बहुतेकांच्या मुळाशीं आजारपण, मुलांचें शिक्षण, होडीचें यंत्र किंवा जुनें कर्ज होतें. विकल्यानंतर दहा वर्षांनीं त्याच वाडीच्या फाटकावर त्याच घरचा मुलगा रखवालदार म्हणून उभा असलेला मीं पाहिला आहे. भाव असे चढले आहेत कीं, गांवांत नोकरी करणाऱ्या मास्तरला वा होडीवरील खलाशाला आपल्याच गांवीं दोन गुंठे घेतां येत नाहींत. म्हणून विकावयास येणाऱ्याला मी आतां एकच विनंति करतों : घराखालची जागा व विहीर राखा. आणि घेणारे सारेच वाईट असतात असें नव्हे. जुनी विहीर उपसून गांवाला खुली ठेवणारे, पडलेल्या माडांच्या जागीं रोपें लावणारे, पावसाळ्यांतही येऊन राहणारे शहरवासी येथें आहेत, आणि गणपतींत त्यांच्या घरचा नैवेद्य गांवांत फिरतो.

तेव्हां ज्यांना समुद्रकांठीं घर करावेंसें वाटतें त्यांना माझें सांगणें थोडक्यांत असें. जागा हिवाळ्यांत आवडली तरी श्रावणांत पुन्हा पाहा. पाणी कोठें तुंबतें, वारा कोठून येतो, रस्ता राहतो कीं जातो, हें तेव्हां कळेल. उताऱ्याबरोबर जुने फेरफार काढा आणि प्रत्येक नांवाच्या माणसाला भेटा. शेजारच्या विहिरीचें पाणी वैशाखांत चाखा. आणि गांवांतील एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर त्या जमिनीच्या चारही कडांनीं फिरून विचारा : येथून कोण जातें? येथें जाळें कोण वाळवितें? होडी कोठें ओढून ठेवतात? दलाल या प्रश्नांचीं उत्तरें टाळूं लागला तर दलाल बदला.

शिलाहार राजांच्या काळीं या किनाऱ्यावर दानाचे लेख दगडावर कोरून ठेवीत आणि शेवटीं दान मोडणाराला शाप लिहीत. आमच्या खरेदीखतांत शाप नसतो, चतुःसीमा असते. पूर्वेस अमुक, पश्चिमेस समुद्र. ही चतुःसीमा लिहितांना मी हल्लीं जरा थांबतों आणि पक्षकारांना विचारतों, "पश्चिमेस समुद्र, हें खरें, पण तेथें जाणारी वाट कोणाची?" उत्तर मिळालें तर तें खतांत लिहून घेतों. त्यामुळें कांहीं सौदे मोडतात. ते मोडावे हेंच बरें.